मिआटाच्या बॉनेटला पिना बसवताना: वरचं भोक सगळ्यात शेवटी

बॉनेटला हूड पिना, म्हणजे बॉनेट बाहेरून धरून ठेवणारे खुंट आणि क्लिपा, बसवायच्या म्हणजे काम अर्ध्या दिवसाचं, आणि त्यात ड्रिल मशीन चालतं ते जेमतेम दहा मिनिटं. बाकीचा वेळ मोजण्यात, वाकून खाली बघण्यात आणि पुन्हा मोजण्यात जातो. जायलाच हवा. रंगवलेल्या बॉनेटमध्ये चुकीच्या जागी पडलेलं भोक बुजवायचं म्हणजे वेल्डिंग, पुट्टी, रंग असा सगळा व्याप मागे लागतो. शिवाय ॲल्युमिनियमला वेल्डिंग करणारा चांगला माणूस शोधावा लागतो तो वेगळाच.

हा लेख माझदा मिआटाच्या पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे १९८९ ते २००५ या काळातल्या गाड्या, समोर ठेवून लिहिला आहे. अमेरिकेत ट्रॅकवर किंवा ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत शंकू मांडून वेळेवर पळवायची स्पर्धा) जायची हौस लागली की नवखा माणूस बऱ्याचदा हीच गाडी घेतो, आणि त्यांत आपली मराठी मंडळीही आता बरीच दिसतात. दोन्ही पिढ्यांचं बॉनेट कंपनीकडूनच ॲल्युमिनियमचं येतं. मागे काचेजवळ बिजागऱ्या आणि पुढे नाकावर मधोमध एकच लॅच, अशी रचना. तुमची गाडी दुसरी असली तरी बॉनेट असं पुढून उघडणारं असेल तर पुढची पद्धत तीच.

गरज आहे का, ते आधी बघा

मूळ बॉनेट, शाबूत लॅच आणि फक्त रस्त्यावरचा वापर असेल तर पिनांची गरज नाही. तो वेळ लॅच साफ करण्यात घालवा. जुन्या मिआटात लॅचमधलं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं आणि दुसरा सुरक्षा-आकडा नीट परत येत नाही. रॉकेलने किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन नवं ग्रीस भरलं, बॉनेटखालचे झिजलेले रबरी टेकू बदलले आणि केबलचा ताण बघितला, की निम्म्या लोकांची तक्रार तिथेच मिटते.

पिना खरोखर लागतात त्या मुख्यतः तीन प्रसंगांत. पहिला, फायबरग्लासचं किंवा कार्बन फायबरचं हलकं बॉनेट बसवलं असेल तेव्हा. ही बॉनेटं लवचिक असतात, आणि लॅचमध्ये अडकणारा लोखंडी आकडा त्यांत नुसता चिकटवून बसवलेला असतो. स्वस्तातल्या बॉनेटमध्ये तो कधी उपटून येईल याचा नेम नाही. दुसरा, गाडी ट्रॅकवर सतत वेगात पळणार असेल तेव्हा. तिसरा, पुढून कधी ठोकलेली आणि दुरुस्त केलेली गाडी असेल तेव्हा. रेडिएटरच्या वरचा आडवा पत्रा किंचित जरी वाकडा राहिला तरी लॅच पूर्ण बसत नाही आणि बसल्यासारखं भासतं.

वेगात होतं काय, तर रेडिएटरमधून आत शिरलेली हवा बॉनेटखाली कोंडते आणि खालून वर रेटते. त्याच वेळी बॉनेटच्या पुढच्या भागावरून हवा वेगाने सरकते, म्हणून तिथे वरचा दाब कमी असतो. दोन्ही मिळून बॉनेटची पुढची कड उचलायला बघतात. काचेजवळ उलट दाब जास्त असतो, त्यामुळे मागची बाजू सहसा त्रास देत नाही. म्हणून मिआटाला दोनच पिना पुरतात, आणि त्या पुढे. बॉनेट आणि पुढच्या कडेतली फट वेगात थरथरताना दिसत असेल तर तो इशारा समजा. लॅच सुटलं तर बॉनेट उलटं फिरून थेट काचेवर आदळतं आणि समोरचं काहीही दिसेनासं होतं.

आणि ज्यांना नुसती शोभा म्हणून पिना हव्यात त्यांनीही लाजू नये. १९६९च्या फोर्ड मस्टँग माक १ला कंपनीनेच केबलवाल्या पिना देऊन टाकल्या होत्या, रेसिंगचा रुबाब म्हणून. पण शोभेची पिनसुद्धा बसवायची ती खरी असल्यासारखीच. अर्धवट बसवलेली पिन नसलेल्या पिनेपेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणूस लॅचकडे बघणं सोडतो.

कंपनीचं लॅच काढू नका

पिना लागल्या की मूळ लॅच काढून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. दोन-अडीचशे ग्रॅम वजन वाचतं म्हणे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हे करू नये. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकांपैकी ११३ क्रमांकाचं मानक बॉनेटच्या लॅचबद्दलच आहे. जे बॉनेट पुढून उघडतं आणि उघडल्यावर चालकाची नजर अडवतं, त्याला लॅचचा दुसरा टप्पा किंवा दुसरं लॅच असलंच पाहिजे, असं ते सांगतं. नियम गाडी बनवणाऱ्यासाठी आहे, पण त्यामागचं कारण तुमच्या गाडीलाही लागू आहेच.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा नियम मात्र नेमका उलटा. मोटार स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संस्था एफआयए, तिच्या अपेंडिक्स जे या नियमावलीतल्या कलम २५३ नुसार बॉनेटला किमान दोन जादा पकडी लागतात, आणि मूळ कुलूप काढून टाकायचं किंवा निकामी करायचं. बॉनेटमधून आरपार जाणारा खुंट आणि त्याला अडवणारी, बॉनेटलाच बांधलेली खीळ, अशी 'अमेरिकन' पद्धतीची पकड तिथे सांगितलेली आहे. इंजिनाला आग लागली तर मार्शलला, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा स्वयंसेवकाला, आतला खटका न शोधता बाहेरूनच बॉनेट उघडता आलं पाहिजे, हा त्याचा मोठा फायदा. नाशिकला झालेली रॅली ऑफ महाराष्ट्र ज्यांनी उन्हात उभं राहून पाहिली असेल, त्यांनी सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, या पिना खटाखट उघडताना नक्की पाहिल्या असतील.

भारतात रोजच्या गाडीला हा उद्योग करायचा विचार असेल तर आधी आरटीओशी बोला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कलम कडकपणे वाचलं आहे.

कोणत्या पिना घ्याव्यात

पहिल्यांदा करणाऱ्याने साध्या जुन्या पद्धतीच्या पिना घ्याव्यात, हे माझं स्पष्ट मत. आटे असलेला खुंट, वर आडवं छिद्र, बॉनेटवर एक चकचकीत प्लेट आणि छिद्रातून जाणारी स्प्रिंगची क्लिप. वीस-तीस डॉलरांत जोडी मिळते, बसवताना उंची कमी-जास्त करता येते, आणि लागली आहे की नाही हे दहा फुटांवरून दिसतं. शेवटचा गुण सगळ्यात मोठा.

बॉनेटच्या पातळीत बसणाऱ्या एरोकॅचसारख्या पकडी दिसायला देखण्या आणि पकडीलाही उत्तम. कुलूपवालीही मिळते. पण त्यांना बॉनेटमध्ये साच्याप्रमाणे लांबट खिडकी कापावी लागते, आणि खाली सांगाड्याची पट्टी येत नाही अशी मोकळी जागा लागते. खिडकी तीन मिलिमीटर सरकली तर ती लपवायला काही नाही. साध्या पिनेची प्लेट मात्र भोकाभोवतीचं बरंच पाप झाकते. बटण दाबून उघडणाऱ्या क्विक-लॅच जातीच्या पिना या दोहोंच्या मधल्या. भोक गोल असतं, पण पिन आणि भोक यांची रेघ अचूक जुळावी लागते.

साधी पिन घेताना खुंट आणि प्लेट स्टेनलेसची आहेत का बघा. नुसतं क्रोम चढवलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ सोडतं. खुंट तीन-आठांश ते अर्धा इंच जाडीचा असतो. इथे एक गंमत आहे. मिआटा संपूर्ण मिलिमीटरची गाडी, १०, १२, १४चे पाने घेतले की निम्मी गाडी उघडते. पण अमेरिकन किटमधले नट इंचाचे. ऐन कामात पाना बसत नाही म्हणून दुकानात पळायची वेळ येऊ नये, तर किट उघडून नट आधी मोजून ठेवा.

जमवाजमव

ड्रिल मशीन, ३ मिलिमीटरचा बिट, पायऱ्या-पायऱ्यांचा शंकूसारखा स्टेप बिट, सेंटर पंच आणि हातोडी, गोल कानस, मेजरिंग टेप, कागदी मास्किंग टेप, मुलांची खेळायची माती, प्लायवूडचा तुकडा, निळं थ्रेड-लॉक (नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव), टच-अप रंगाची बाटली, पाने. डोळ्यांना गॉगल हवाच. बॉनेट फायबरग्लासचं किंवा कार्बनचं असेल तर एन-९५ मास्कही. आणि बॉनेट धरायला एक माणूस. हा माणूस ऐच्छिक नाही. बॉनेट सळईवर टेकवून एकट्याने वरून ड्रिल दाबलं तर सळई निसटते किंवा पत्रा वाकतो.

स्टेप बिट महाग वाटला तरी घ्याच. साध्या बिटने पातळ पत्र्यात अर्धा इंची भोक पाडलं तर ते तिकोनी येतं, आणि शेवटच्या क्षणी बिट पत्र्याला पकडून मनगट पिरगाळतो.

जागा ठरवणं

पिनांचा पाया म्हणजे रेडिएटरच्या वरचा आडवा लोखंडी पत्रा, ज्यावर मूळ लॅच बसवलेलं असतं. लॅचच्या दोन्ही बाजूंना, जमेल तितकं बाहेर, हेडलाइटच्या आतल्या अंगाला पिना यायला हव्यात. फार आत घेतल्या तर लॅच धरतं तोच मधला भाग पुन्हा धरल्यासारखं होतं आणि कोपरे फडफडत राहतात.

आता बॉनेट उघडून त्याची खालची बाजू नीट बघा. मूळ बॉनेट दोन थरांचं आहे: वर गुळगुळीत पत्रा, खाली ताकदीसाठी बरगड्यांसारखा सांगाडा. पिन सांगाड्याच्या सपाट भागातून गेली तर उत्तम, कारण दोन्ही थर मिळून भार घेतात. दोन बरगड्यांमधल्या एकेरी पत्र्यातून गेली तरी चालेल, पण मग खालून आधाराची पट्टी लावावी लागेल. बरगडीच्या वळणावर किंवा उभ्या भिंतीवर येत असेल तर जागा बदला.

खालच्या पत्र्याच्या मागेपुढे काय आहे तेही चाचपा. एसीचा कंडेन्सर, रेडिएटर, पंखा, हॉर्नच्या तारा. खुंटाचा खालचा नट फिरवायला पाना जाईल एवढी जागा हवी. पहिल्या पिढीच्या गाडीत हेडलाइट वर-खाली होतात, तेव्हा दिवे दोन-तीनदा उघडझाप करून त्यांच्या वाटेत काही येत नाही ना, हेही बघा.

माप घ्यायचं ते लॅचच्या मध्यापासून. दोन्ही बाजूंना सारखं अंतर आणि पत्र्याच्या पुढच्या कडेपासून सारखं अंतर. मग त्याच खुणा वर बॉनेटवर अंदाजाने टेपने दाखवा आणि गाडीपासून आठ-दहा पावलं मागे जाऊन बघा. जुनी गाडी कधी तरी ठोकलेली असते आणि तिचा खालचा पत्रा तसूभर सरकलेला असतो. खाली माप बरोबर आणि वर डोळ्याला वाकडं, असं झालं तर डोळ्याचं ऐका. खाली दोन-चार मिलिमीटर सरकवा. खालचं कोणाला दिसत नाही.

खालचं भोक आणि खुंट

रेडिएटर आणि पत्रा यांच्यामध्ये प्लायवूड सरकवा. ड्रिलच्या बिटला टोकापासून दीडएक सेंटिमीटरवर टेपचा वेढा द्या, म्हणजे बिट किती आत गेला ते कळत राहील. रेडिएटरला एक बारीक भोक पडलं तर आजचं काम तिथेच संपलं.

लोखंडी पत्रा आहे, तेव्हा सेंटर पंचने खूण ठोकून, ३ मिलिमीटरचं भोक पाडून, मग स्टेप बिटने खुंटाच्या मापाचं करा. कडेची धार कानशीने काढा आणि उघड्या लोखंडाला लगेच रंग लावा. उद्यावर टाकलं की ते राहतंच. खुंट घालताना पत्र्याच्या वर एक नट आणि खाली एक नट, दोन्हीकडे मोठे वॉशर. पत्रा पातळ वाटला, बोटाने दाबून हलला, तर खाली वॉशरऐवजी तीनेक मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घाला. नट हातानेच आवळा. अजून बरंच वर-खाली व्हायचं आहे.

खुंट कोणत्या दिशेला उभा आहे ते इथेच बघून घ्या. तो बंद बॉनेटला काटकोनात असेल तर बॉनेट खाली येताना सरळ त्याच्यावर उतरतं. पण मिआटाचं नाक उताराचं. खालचा पत्रा आडवा आणि खुंट ताठ उभा असला तर बॉनेटच्या मानाने तो तिरका ठरतो. तेव्हा एकतर पाचरीसारखे वॉशर घालून खुंट झुकवा, नाहीतर पुढे बॉनेटचं भोक पुढे-मागे थोडं लांबट करायची तयारी ठेवा. बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात आणि प्लेटखाली ते झाकून जातं.

पिनेलाच खूण करू द्या

सगळ्या कामाचा कणा हा आहे. बॉनेटवर वरून मोजून भोक पाडू नका. बॉनेटला बाक आहे, उतार आहे, आणि ते बिजागरीभोवती गोल फिरत खाली येतं. टेपने घेतलेलं माप तिथे फसतंच.

खुंट इतका खाली करा की बॉनेट पूर्ण बंद झालं तरी तो टेकणार नाही. बॉनेटच्या खालच्या बाजूला, जिथे खुंट येईल असं वाटतं तिथे, मातीची बोटभर जाड चकती चिकटवा. खुंटाच्या टोकाला थोडं तेल लावा, म्हणजे माती त्याला चिकटून निघून येणार नाही. बॉनेट सावकाश बंद करा, लॅच लागू द्या, आणि आतल्या खटक्याने परत उघडा. मातीवर काहीच उमटलं नसेल तर खुंट दोन-तीन मिलिमीटर वर घ्या आणि पुन्हा. असं करत करत एक वेळ अशी येते की चकतीत नाण्याएवढा गोल खळगा उमटतो, कडा स्वच्छ, तळ सपाट. हाच तुमच्या भोकाचा मध्य. खळगा लंबुळका असेल, एका बाजूची माती रेटली गेलेली असेल, तर त्या दिशेने खुंट तिरका येतो आहे असं समजा आणि लांबट भोक कुठल्या अंगाला लागेल ते टिपून ठेवा.

घाईने खुंट एकदम वर चढवून बॉनेट दाबू नका. ॲल्युमिनियमचा पत्रा खालून सहज उचलला जातो, आणि बॉनेटवर आलेला तो बारीक उंचवटा घासून जात नाही.

दोन्ही बाजूंच्या खुणा झाल्या की त्या लॅचच्या आकड्यापासून मोजून बघा. फरक दोनएक मिलिमीटर असला तर सोडून द्या. जास्त असेल तर खालच्या भोकात खुंटाला थोडं सरकवता येतं का पाहा.

वरचं भोक

बॉनेट बंद ठेवून वरून ड्रिल करायचं नाही. बिट आरपार गेला की खाली रेडिएटर आहे. बॉनेट उघडं ठेवून, मदतनिसाने धरून, खालून ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं. वरच्या बाजूला त्याआधी मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा आणि मदतनिसाला लाकडाचा ठोकळा वरून दाबून धरायला सांगा. ड्रिल धरायचं ते खुंटाच्या दिशेने, बॉनेटला काटकोनात नव्हे. दोन थरांचं बॉनेट असेल तर हा फरक वरच्या थरापर्यंत पोचेतो चांगला चार-पाच मिलिमीटर होऊ शकतो.

बारीक भोक वर निघालं की थांबा. बॉनेट बंद करा आणि वरून बघा. दोन्ही भोकं डोळ्याला बरोबर वाटतात का? या घडीपर्यंत सगळं सुधारता येतं, कारण ३ मिलिमीटरचं भोक प्लेटखाली सहज लपतं.

मग वरून स्टेप बिट. बॉनेट परत उघडं, मदतनीस खालून आधार देतोय, आणि बिटची पायरी कुठे थांबवायची तिथे मार्करने रेघ. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे बिटला चिकटून बसतं. रॉकेलचा एखादा थेंब सोडत राहा आणि मशीन हळू फिरवा. चांगलं कापलं जात असेल तर चकाकत्या गुंडाळ्या निघतात आणि आवाज एकसारखा येतो. प्रत्येक पायरी पार होताना हाताला बारीकसा धक्का जाणवतो आणि आवाज खाली येतो. तिथे दाब सोडायचा. करकर सुरू झाली, निघणारा चुरा पिठासारखा झाला, तर बिट तापला आहे किंवा बोथट आहे.

भोक खुंटापेक्षा चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर मोठं ठेवा. एकदम त्या मापाला जाऊ नका. आधी खुंट जेमतेम जाईल एवढं करा, बॉनेट हळूच उतरवून कुठे घासतंय ते बघा, आणि तिथेच कानस चालवा. आतल्या थराचं भोक वरच्यापेक्षा बिनधास्त मोठं करा, त्याने काही बिघडत नाही.

फायबरग्लास आणि कार्बनची तऱ्हा वेगळी. त्यावर सेंटर पंच ठोकायचा नाही, खालचे थर पापुद्र्यासारखे सुटतात. बिट कोरा धारदार हवा, मशीन वेगात पण हात हलका, आणि मागे लाकूड दाबून धरलेलं, नाहीतर बिट बाहेर पडताना कडेचे धागे उपटतो. धूळ घशाला आणि कातडीला बाधते, म्हणून मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. कार्बनची धूळ विजेची वाहक असते, तेव्हा इंजिनावर चादर टाका, किंवा सरळ बिजागऱ्यांचे बोल्ट काढून बॉनेट उतरवूनच काम करा. बोल्टभोवती आधी टेपने चौकट आखून ठेवली तर परत बसवताना फट शोधत बसावं लागत नाही. कापलेल्या कडेवर शेवटी पातळ इपॉक्सीचा हात द्या, म्हणजे थरांत पाणी मुरणार नाही.

प्लेट आणि क्लिप

बॉनेट बंद, खुंट भोकातून वर आलेला. त्यावर प्लेट ठेवा, क्लिप घाला, आणि क्लिप कोणत्या दिशेला बसेल ते आता ठरवा. क्लिप पुढून मागे जाईल अशी ठेवली तर वारा तिला आत ढकलतो. आडवी ठेवली तरी चालते. मागून पुढे मात्र नको. दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसायला हव्यात. नवख्याचं काम ओळखायची ही पहिली जागा.

प्लेटच्या स्क्रूंच्या जागा टेपवर खुणावून बारीक भोकं पाडा. किटमध्ये बहुधा पत्र्यात घुसणारे छोटे स्क्रू येतात. मूळ बॉनेटला ते कसेबसे पुरतात, फायबरग्लासला अजिबात नाहीत. तिथे छोटे नट-बोल्ट आणि खाली ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी घाला, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येता पसरेल. एफआयएचा नियमही प्लास्टिकच्या भागांना धातूचा आधार मागतो, ते याचसाठी. कार्बनला ॲल्युमिनियम थेट लागू देऊ नका, ओल्या हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये पातळ रबर किंवा सिलिकॉनचा थर हवा. मूळ ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर स्टेनलेसची प्लेट लावतानाही तेच, विशेषतः हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरणाऱ्या राज्यांत.

टेप काढायची ती सगळं बसल्यावर. आधी नाही.

उंची

इथे लोक घाई करतात आणि मग बॉनेट खडखडतं. खुंटाचं आडवं छिद्र प्लेटच्या लगेच वर यायला हवं, इतकं लगेच की तळहाताने बॉनेट किंचित दाबल्याशिवाय क्लिप जात नाही. रबरी टेकू थोडे दबले पाहिजेत. क्लिप सैल, बोटाने फिरते अशी असेल तर खुंट उंच झाला आहे, अर्धा-एक फेरा खाली घ्या. उलट दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल, किंवा प्लेटभोवती पत्रा खोलगट दिसत असेल, तर खुंट खोल गेला आहे. बाजूंच्या फटी आणि बॉनेटची पातळी पिना लावण्याआधी जशी होती तशीच नंतरही दिसली पाहिजे.

छिद्राची दिशा जुळवताना खुंट अर्ध्या फेऱ्याच्या टप्प्यांनी फिरवा, म्हणजे दिशा बिघडत नाही. जमलं की खालच्या नटाला निळं थ्रेड-लॉक लावून दोन पान्यांनी आवळा. लाल थ्रेड-लॉक नको, पुढे कधी उंची बदलायची झाली तर बर्नर घेऊन बसावं लागेल.

दोरी, आणि पहिल्या काही फेऱ्या

क्लिपला प्लास्टिक चढवलेली तारेची दोरी बांधा आणि तिचं दुसरं टोक प्लेटच्या स्क्रूला किंवा बॉनेटच्या आतल्या अंगाला अडकवा. दोरी लांब ठेवली तर वाऱ्यावर हेलकावे खात रंग खरवडते. जेवढी लागेल तेवढीच ठेवा.

आधी गल्लीत एक चक्कर मारा, गतिरोधकांवरून मुद्दाम न्या आणि आवाज ऐका. मग महामार्गाच्या वेगाला बॉनेटच्या कडेकडे नजर ठेवा, जमल्यास शेजारी बसलेल्याला ठेवायला सांगा. घरी येऊन प्लेट उचलून भोकाच्या कडेला खुंट घासल्याच्या चकाकत्या रेघा दिसतात का बघा. दिसल्या तर कानस पुन्हा काढा. ट्रॅकवर पहिलं सत्र झाल्यावर नट एकदा पान्याने तपासा, रबरी टेकू दबून बसल्यामुळे उंचीत थोडा फरक पडतोच. क्लिपांच्या स्प्रिंगा काही काळाने ढिल्या पडतात, म्हणून एक जादा जोडी डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवा.

मिआटाची बॅटरी डिकीत असते, त्यामुळे बॉनेट उघडून बॅटरी नेणाऱ्याची भीती इथे नाही. मूळ लॅच आतून उघडतंय तोवर नुसत्या क्लिपा काढून कोणाला आत हातही घालता येत नाही, हा ते न काढण्याचा आणखी एक फायदा.

ऑइल बदलायला गाडी गॅरेजमध्ये दिली तर तिथल्या पोऱ्याला पिना आधी दाखवा. आतला खटका ओढून बॉनेट वर ओढायची त्याला सवय असते. क्लिपा लागलेल्या असताना त्याने जोर केला तर प्लेटचे स्क्रू पत्र्यासकट वाकतात. आणि गाडी परत घेताना दोन्ही क्लिपा जागेवर आहेत का ते स्वतः हाताने ओढून बघा, मगच किल्ली फिरवा.